फड्याचं बन

पावसाळ्याच्या तोंडाशी बायकोने रोपवाटिकेतून एक कुंडी आणली. पांढऱ्या चिनी मातीची, बसकी, ओंजळीत मावेल एवढी. वर बारीक गोटे पसरलेले आणि मधोमध फड्या निवडुंगाचा एकच फडा, त्याच्या कडेला दोन कोवळी पिल्लं फुटलेली. किंमत साडेतीनशे रुपये. पाणी घालायची कटकट नाही म्हणून हल्ली सगळेच ठेवतात. कुंडी बैठकीच्या खिडकीत कठड्यावर गेली. त्याच आठवड्यात आत्या डोळे दाखवायला गावाहून आली होती. नव्वदीला टेकलेली, एका डोळ्याने जेमतेम दिसणारी. चहा पिता पिता तिची नजर तिकडे गेली आणि कप तसाच हातात राहिला. "ह्यो हितं कसा?" मी म्हणालो, विकत आणला. "इकत?" ती हसायला लागली ती ठसका लागेपर्यंत हसली. मग पदराने डोळे पुसले, जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "खिडकीत नको ठिवू त्येला. पल्याडचं काय दिसत न्हाई मग."

एवढंसं रोप. त्याने पलीकडचं काय झाकणार होतं?

तेव्हा मी विचारलं नाही. म्हातारी माणसं बोलतात असं कधीकधी, म्हणून सोडून दिलं. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. दिवाळीत गावी गेलो तेव्हा ओसरीवर तिच्याशेजारी बसून विषय काढला, आणि मग ती दुपारभर बोलत राहिली. गाव माण तालुक्यातलं. पाऊस डोंगरापलीकडे पडून संपतो आणि रिकामे ढग आमच्या डोक्यावरून नुसते पुढे जातात, असा तो भाग. गावाच्या ओढ्याकडच्या अंगाला फड्याचं बन होतं. कुणीतरी कधीकाळी कुंपणाला म्हणून चार फडे रोवले असतील, पुढे त्याला कुणी रोवावं लागलं नाही. फडा गळून पडला की पडल्या जागी मूळ धरतो. पाखरं बोंडं खातात आणि बी लांब नेऊन टाकतात. आत्याच्या आठवणीतलं बन पुरुषभर उंचीचं होतं, आत साप, मुंगसं, होले, आणि उन्हाळ्यात त्या धुळकट हिरव्यावर पिवळीधमक फुलं. मग बोंडं धरायची. पिकली की गर्द किरमिजी होत. वरची बारीक कुसळं काढायला ती गोणपाटावर घोळायची, तरीही एखादं कुसळ ओठात जायचंच आणि दोन दिवस सलायचं. खाल्ल्यावर जीभ, हात, परकर सगळं लाल. दुसऱ्या दिवशी लघवीसुद्धा लाल व्हायची आणि नवखं पोर घाबरून रडायचं, हे सांगताना आत्या पुन्हा हसली.

हे झाड आपल्याकडचं नव्हे, हे आत्याला सांगायची गरज नव्हती. तिच्या लेखी ते गावाइतकंच जुनं. बटाटा, मिरची, साबुदाणा, शेंगदाणा हे सगळं समुद्रापलीकडून आलं आणि आपण त्यावर एकादश्या करतो, ही यादी आता व्हॉट्सअ‍ॅपवर दर आषाढीला फिरते आणि सगळ्यांना पाठ झाली आहे. त्या यादीत निवडुंग मात्र कधी दिसत नाही. जे ताटात आलं त्याची आठवण राहते. जे गावकुसाबाहेर उभं राहिलं त्याचा हिशेब कोण ठेवणार? शिवाय त्रिधारी निवडुंगासारखी चिकाची झाडं इथली, फार जुनी. त्यांच्याच नावाखाली हा परका फड्याही खपून गेला. त्रिधारीचं पान मोडलं की पांढरा चीक येतो, फड्या मोडला की बुळबुळीत पाणी. दोघांत नातं काही नाही, काट्यांपुरतं साम्य.

फड्याचं मूळ घर अमेरिका खंड, आणि त्याचं सगळ्यात मोठं गोत मेक्सिकोत. तिथल्या झेंड्यावर साप धरलेला गरुड बसलेला असतो तो याच्यावरच. तिथे त्याचे कोवळे फडे भाजी म्हणून खातात, बोंडं बाजारात ढिगाने विकतात. पण तो जहाजात चढला तो त्याच्या अंगावरच्या एका किड्यापायी. आपल्याकडच्या पिठ्या ढेकणासारखा दिसतो, पांढऱ्या कापसात गुरफटलेला, एकाच जागी सोंड खुपसून रस पीत बसलेला. बोटाने चिरडला की आतून जो लाल निघतो तो नजर ठरणार नाही असा. मुंग्या-किड्यांनी आपल्याला खाऊ नये म्हणून तो हा रंग अंगात बाळगतो. वाहाका भागातले लोक स्पॅनिश यायच्या आधीपासून हा किडा पाळत होते. हो, पाळतच. निवडुंगाच्या बागा, त्यावर मादी-किड्यांची नीट बसवणी, थंडीवाऱ्यापासून राखण, मग हलक्या हाताने झाडून घेणं आणि उन्हात वाळवणं. एका पौंडाला सुमारे 70,000 किडे लागतात. अ‍ॅझ्टेक राजाला खंडणीत या वाळलेल्या किड्यांच्या पिशव्या जात. 1521 मध्ये राज्य बदललं, पिशव्या युरोपकडे जाऊ लागल्या. वसाहतीच्या काळात मेक्सिकोहून जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल किंमत या किड्यांची होती. कार्डिनलांचे झगे आणि इंग्रज अधिकाऱ्यांचे लाल कोट यावरच रंगत. जिवंत किडा देशाबाहेर न्यायला स्पेनची सक्त बंदी होती आणि कित्येक वर्षं युरोपातल्या लोकांना हे बी आहे की किडा हेही धड ठाऊक नव्हतं.

ज्या हातांना ही कला येत होती त्या हातांचं काय झालं, हे मात्र रंगाच्या गोष्टीत सहसा ओझरतं येतं. 1520 मध्ये देवी आल्या. स्पॅनिशांच्या बरोबर, एका आजारी माणसाच्या अंगावरून. तिथल्या लोकांनी हा रोग पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलाच नव्हता. घरंच्या घरं अंथरुणात, पाणी द्यायला कुणी उठतं नाही, अशी अवस्था. पुढे 1545 आणि 1576 मध्ये आणखी दोन मोठ्या साथी आल्या. नाकातोंडातून रक्त येऊन माणसं मरत. शंभर वर्षांत मूळ लोकांपैकी दहातले आठ-नऊ उरले नाहीत, असे अंदाज आहेत. आपल्याकडे देवीचा कोप माहीत होता, शीतळादेवीची ठाणी गावोगाव होती. आमच्या आजीच्या तोंडावर वण होते. म्हणजे आपण त्या रोगाशी जुनं, वाईट, पण ओळखीचं वैर धरून होतो. तिथे ते अनोळखी माणसासारखं दारात उभं राहिलं. रिकाम्या झालेल्या शिवारांत मग मेंढरं सोडली गेली. मेंढरू, गाय, घोडा, यांतलं काहीच त्या खंडावर त्या काळी नव्हतं. मेक्सिको शहराच्या उत्तरेला मेझकिताल नावाचं खोरं आहे, तिथे सोळाव्या शतकात मेंढ्या इतक्या वाढल्या की गवत संपलं, माती उघडी पडली आणि काटेरी झुडपांचं आणि निवडुंगाचं राज्य आलं. हे वाचताना माणदेशातला माणूस थबकतो. मेंढरामागे चालत गेलेली उजाड टेकडी आम्हांला काय नवीन?

आपल्याकडे या लाल रंगाचा ध्यास घेतला तो ईस्ट इंडिया कंपनीने. स्पेनची मक्तेदारी मोडायची होती. मद्रासेत जेम्स अँडरसन नावाचा एक डॉक्टर होता. त्याला 1786 मध्ये गवतावर एक तसाच किडा दिसला आणि तो हरखून लंडनला पत्रांवर पत्रं लिहीत सुटला. तो किडा भलताच निघाला, रंग काही मिळेना. पण अँडरसन हटला नाही. खरा किडा आज ना उद्या येईल म्हणून त्याने मद्रासजवळ निवडुंगाची बाग उठवली. ठिकठिकाणांहून निवडुंगाच्या जाती मागवल्या, वाटल्या, लावायला सांगितल्या. पाहुणा यायच्या आधीच मांडव घालून बसलेला हा माणूस मला का कोण जाणे आवडतो. 1795 मध्ये कॅप्टन नीलसन ब्राझीलच्या रिओहून जहाजातून जिवंत किडे घेऊन कलकत्त्याला उतरला. वाटेत बरेच मेले होते, थोडे तगले होते. कंपनीच्या बागेत ते निवडुंगावर सोडले. वाढले, फोफावले, वाटले गेले. आणि मग कळलं की हा तो उंची किडा नव्हेच. त्याचा रानटी भाऊबंद. रंग हलका, भाव कमी, आणि भूक मात्र अशी की ज्या निवडुंगावर बसला ते झाड मुळासकट लोळवूनच उठायचा. रंगाचा धंदा बसला. पण उत्तरेत आणि मध्य भारतात त्या एका जातीच्या निवडुंगाचा त्याने असा फडशा पाडला की पुढच्या शतकात लोक मुद्दाम तो किडा दक्षिणेत नि सिलोनात घेऊन गेले. तणावर त्याचाच वैरी सोडायचा, ही जी युक्ती आज शेतकी महाविद्यालयांत शिकवतात, तिचा जगातला पहिला मोठा यशस्वी प्रयोग असा अपघाताने आपल्याकडे झाला.

या किड्याची एक खोड मला फार विलक्षण वाटते. तो एकाच जातीच्या फड्यावर जगतो. शेजारी दुसऱ्या जातीचा फड्या असेल तर त्याला तोंड लावत नाही. कंपनीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी सगळे निवडुंग जवळजवळ एका मापाने मोजले होते. त्यांच्यातला फरक किड्याने दाखवून दिला. त्यामुळे एक जात गेली तरी दुसऱ्या उरल्या, आणि दख्खनच्या कोरड्या मुलखात त्यांनी असे हातपाय पसरले की एकोणिसाव्या शतकात ओढे, पडीक राने, गावांचे वेढे, किल्ल्यांचे उतार सगळं त्यांनी व्यापलं. पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबा आहे. तुकोबांची पालखी तिथे मुक्कामाला असते. मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली म्हणून हे नाव, असं सांगतात. देव सापडावा इतकं रान शहराच्या कडेला होतं तर.

इंग्रज साहेबाला मात्र या बनांचा तिटकारा होता. ज्याची बाग डॉक्टर अँडरसनाने हौसेने लावली, तेच उपटायचे हुकूम पुढचे साहेब काढू लागले. बनाच्या आडोशाला लोक परसाकडे बसतात, घाण साठते, हवा कोंडते, रोगराई वाढते, हा त्यांचा आक्षेप. त्यात खोटं काही नव्हतं. पण 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तो काही निवडुंगातून आला नाही, तो हाँगकाँगच्या बाजूने बंदरात उतरला, जहाजांतल्या उंदरांबरोबर. ज्या वाटांनी माल येतो त्याच वाटांनी रोग येतात, आणि बंदर बंद ठेवायला कुठलाच व्यापारी तयार नसतो. तीनशे-साडेतीनशे वर्षं आधी गोव्यात हेच झालं होतं. पोर्तुगिजांबरोबर गरमी, म्हणजे उपदंश हा गुप्तरोग, आला. आपल्या वैद्यांनी 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात त्याची नोंद थेट फिरंग रोग म्हणून केली. त्याच्यावर औषध म्हणून चिनी व्यापारी चोपचिनीची मुळं गोव्यात आणू लागले. गार्सिया द ओर्ता या वैद्याने 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात त्या मुळांवर चांगलं तपशिलाने लिहिलं आहे. रोग कुठला, औषध कुठलं आणि दोघांची गाठ पडली मांडवीच्या काठी! या ओर्ताला पोर्तुगालच्या राजाकडून मुंबई बेट भाडेपट्ट्याने मिळालं होतं. तो मूळचा ज्यू कुळातला. मेल्यावर बारा वर्षांनी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. त्या काळात कोण कुठून पळून कुठे लपत होतं आणि बरोबर काय घेऊन येत होतं, याचा नुसता विचार केला तरी डोकं गरगरतं.

दुष्काळात मात्र साहेबाचीच भाषा बदलायची. कडबा संपला, गुरं हाडांवर आली की निवडुंगाचे फडे तोडून, काटे जाळून, बारीक करून चाऱ्यात मिसळून घाला, असे प्रयोग मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानेच केले. आत्याचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, हे स्वतः करत. लांब दांड्याच्या विळ्याने फडा तोडायचा, आगटीवर धरायचा. काटे तडतडत जळायचे, भाजलेल्या वांग्यासारखा वास सुटायचा, आणि तो वास आला की दावणीची बैलं कान टवकारायची. नुसतं तेच खाल्लं तर जनावर ढाळायचं, म्हणून थोडा भुसा. जगण्याची ही कला कुणी शिकवलेली नव्हती. झाड परकं असो की आपलं, पोट जाळायला लागलं की त्याचे गुण कळतात.

1926 मध्ये सिलोनहून आणखी एक किडा मद्रास इलाख्यात आणून सोडला. हा उरलेल्या निवडुंगांवर जगणारा. पाच-सहा वर्षांत तिकडे सुमारे 40,000 हेक्टर जमीन मोकळी झाली. वाऱ्यावर त्याची पिल्लं उडतात. शिवाय लोक किडलेला फडा उचलून पुढच्या बनात नेऊन टाकत. असा तो हळूहळू वर सरकला. आमच्या ओढ्याकडच्या बनाला तो लागला तेव्हा आत्या सात-आठ वर्षांची असेल. "फड्याला कापूस लागला," असं म्हणत होते सगळे. पोरांनी कापूस बोटांनी चिरडायला सुरुवात केली. बोटं लाल. त्या लालाने बाहुल्यांना कुंकू लावलं, दगडांना शेंदूर फासला. ज्या रंगासाठी राजांनी जहाजं पाठवली तो माणच्या पोरांना फुकटात मिळाला होता. मग बन पिवळं पडलं, लिबलिबीत झालं, कोसळलं. कुजका वास सगळा पावसाळाभर गावात.

आता ती पलीकडची गोष्ट.

बनाच्या एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला महारवाडा. हे आत्याने तोवर बोलण्यात आणलंच नव्हतं, इतकं ते गृहीत. बनात एका ठिकाणी खिंडार होतं, तिथे एक सपाट दगड. पलीकडची एक पोर, आत्याच्याच वयाची, कुसळं काढून स्वच्छ केलेली बोंडं त्या दगडावर ठेवायची आणि मागे सरायची. मग आत्या पुढे व्हायची, बोंडं घ्यायची, गुळाचा खडा ठेवायची, मागे सरायची. मग ती पुढे. हात हाताला लागला नाही कधी. तोंडही नीट पाहिलेलं नव्हतं, कारण जाळी दाट. आवाज ठाऊक होता. "गोड आवाज हुता. वव्या म्हणायची." आणि मग किड्याने बन खाल्लं. एका सकाळी ओढ्यावरून येताना आत्याला आरपार दिसलं. त्यांच्या चुली, गाडगी, वाळत टाकलेली लुगडी, दारात बसून भाकरी खाणारा म्हातारा. आणि ती पोर. "मी तिला बगितलं आन तिनं मला. दोगी बी लाजलो." त्या दिवसापासून दगडावरची देवघेव बंद. बोंडंच नव्हती. आणि उघड्यावर ते करायची छाती दोघींतही नव्हती. आजोबांनी त्या साली पाऊस पडल्यावर तिथे घायपाताची रांग लावली.

घायपातही मेक्सिकोचा. हे मी आत्याला सांगितलं नाही.

पुढे घायपातही मोडला. आता तिथे वेड्या बाभळी माजल्या आहेत. त्याही तिकडच्याच, मेझकिताल खोऱ्याला ज्याचं नाव मिळालं त्या काटेरी झाडाच्या जवळच्या नात्यातल्या. एकाच मुलखातली तीन काटेरी झाडं आळीपाळीने एकाच रेषेवर उभी राहिली. रेष त्यांनी नाही आखली. ती फड्या यायच्या कितीतरी आधीची, आमची आम्हीच आखलेली. मेक्सिकोने फक्त काटे पुरवले. आज महारवाडा हे नाव कुणी घेत नाही, कमानीवर नवं नाव आहे, निळा झेंडा आहे, आतली घरं गावातल्या काही घरांपेक्षा पक्की आहेत. बाभळी मात्र कुणी तोडत नाही. सरपणाला बऱ्या, असं दोन्हीकडचे लोक सांगतात.

झेंडूचंही मला नेहमी नवल वाटतं. तोही मेक्सिकोचा, आणि दसऱ्याला त्याच्याशिवाय तोरण होत नाही. गाडीला, यंत्राला, देवाला, सगळीकडे झेंडू. तिकडेही तो मेलेल्या आप्तांच्या सणाला थडग्यांवर वाहतात. एकाच मातीतून निघालेल्या दोघांपैकी एकाला आपण चौकटीवर चढवलं आणि दुसऱ्याला शिवेवर उभं केलं. यात रंगरूपाचा भाग असेल, काट्यांचा असेल. पण काटे तर गुलाबालाही असतात.

निवडुंग गेला ते बरं झालं की वाईट, याचं उत्तर जागेगणिक बदलतं. ऑस्ट्रेलियात 1788 मध्ये पहिला कैद्यांचा ताफा गेला तोच रिओहून फड्या आणि किडे घेऊन. तिथेही लाल कोटांचाच सोस. पुढे आणलेल्या दुसऱ्या एका जातीने 1920च्या सुमारास तिथली जवळजवळ 2.4 कोटी हेक्टर जमीन व्यापली. माणसं घरं सोडून गेली. तिथल्या सरकारचं एक शिष्टमंडळ 1912 ते 1914 या काळात देशोदेशी हिंडलं, आपल्याकडेही आलं, आपला किडा पाहून गेलं. अखेर अर्जेंटिनाच्या एका पतंगाच्या अळ्यांनी ते रान काही वर्षांत उभं कापलं. क्वीन्सलँडमध्ये बूनार्गा नावाच्या गावी त्या पतंगाच्या नावाने सभागृह बांधलं आहे. गोऱ्या शेतकऱ्याने किड्याचे पांग असे फेडले. त्याच्या आधी त्या जमिनीवर कोण राहत होतं, हे त्या सभागृहाच्या कौतुकात मला कुठे दिसलं नाही.

मादागास्करची गोष्ट उलटी आहे आणि ती वाचल्यापासून मला चैन नाही. तिथल्या दक्षिणेकडच्या कोरड्या मुलखात तांद्रोय लोक राहतात, गुरं पाळणारे. अठराव्या शतकात फ्रेंचांनी आपल्या किल्ल्याच्या रक्षणासाठी म्हणून फड्या आणला. तांद्रोयांनी तो आपलासा केला. गावांना, गोठ्यांना त्याचे वेढे. कोरड्या दिवसांत गुरांना तोच चारा, तेच पाणी. माणसं बोंडं खाऊन काढत. पुढे फ्रेंच फौजा तो मुलूख घ्यायला आल्या तेव्हा त्याच काटेरी वेढ्यांनी त्यांना जेरीस आणलं. मग 1924 मध्ये फ्रेंच अमलाखालीच तिथे किडा सोडला गेला. चारपाच वर्षांत निवडुंग साफ. त्यावर पाऊस हुकला. गुरं पटापट मेली, माणसं मेली, उरलेली मजुरीला देशोधडीला लागली. आणणारेही तेच, नेणारेही तेच. दोन्ही वेळा तिथल्या कुणाला विचारलं नाही. आमच्या बनाची गोष्ट ऐकताना मला किड्याचं कौतुक वाटत होतं हे खरं. तांद्रोयांच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईजवळ बसलो असतो तर काय ऐकलं असतं? अलीकडे, 2014 पासून, आमच्या बनाला लागला होता तोच कापूस मोरोक्कोच्या निवडुंगाला लागला आहे. तिथे लोकांनी बोंडांवर संसार उभे केले होते, बायकांच्या सहकारी संस्था बियांचं तेल काढून विकतात. आपल्याकडे ज्याला सुटका म्हणून आणलं, तो तिथे संकट म्हणून पोचला.

आतेभावाला हे सगळं सांगत होतो तर त्याने मला अंगणात नेलं. गोठ्याच्या कडेला गोणपाटाखाली हिरवेगार, हाताएवढे फडे रचलेले. हात लावून बघ म्हणाला. एक काटा नाही. बिनकाट्याचा निवडुंग, चाऱ्यासाठी. आता सरकारही त्याच्या मागे आहे, उरुळी कांचनच्या बायफसारख्या संस्थाही कोरडवाहू शेतकऱ्यांना तो लावायला सांगतात. पाणी नावालाच लागतं, शेळ्या आवडीने खातात, उन्हाळ्यात दूध टिकतं. दादाने कुठूनशी बेणं म्हणून पाचशे फडे आणलेत. ओढ्याकडच्याच पट्ट्यात लावायचा विचार आहे, बाभळी काढून. मी म्हटलं, "दादा, तो कापूस पुन्हा आला तर?" तो म्हणाला, "येऊ दे की. दोन वर्षं शेळ्या तर जगतील." मग जरा थांबून त्याने खरी अडचण सांगितली. काटे नाहीत म्हणजे सगळ्या गावची मोकाट जनावरं तुटून पडणार. फडे मुळं धरेपर्यंत राखण कोण करणार? त्यामुळे चहूबाजूंनी तारेचं कुंपण घालायचं आहे. तारेचा भाव ऐकून त्याचं डोकं फिरलंय, आणि तालुक्याला जाऊन दोन दुकानांत विचारून सांग म्हणून त्याने ते काम माझ्या गळ्यात घातलं.